उकंडा मिस्त्रींची थुंकी

उकंडा मिस्त्री इमारतीवर थुंकत असत.

तंबाखू खात नसत, पान खात नसत, विडीसुद्धा ओढत नसत. म्हणजे थुंकीला दुसरे कुठलेच कारण नसे. नवी इमारत पाहायला गेले की आधी चपला बाहेर काढायच्या. मग मावळतीच्या भिंतीपाशी जायचे, उजव्या हाताची मागची बाजू भिंतीला टेकवायची आणि डोळे मिटून उभे राहायचे, दुखणाइताचा ताप पाहावा तसे. भिंत पसंत पडली तर एक शब्द न बोलता चपला घालून चालू लागायचे. नाही पडली तर बाहेर येऊन पायरीच्या खाली, नेम धरून, थुंकायचे. अमरावतीच्या आमच्या फर्ममध्ये त्या काळी एखादी इमारत पुरी झाली की नकाशे काढणारी मंडळी एकमेकांना हळूच विचारत, "मिस्त्री थुंकले का?" आणि बहुतेक वेळा थुंकलेले असत.

हाताची मागचीच बाजू का, असे मी एकदा विचारले होते. म्हणाले, "तयहात लबाड असते बाबू. काम करू करू मेलेला असते थो. त्याले गरम काय अन् गार काय! मांगचा हात खरं सांगते."

हे आज आठवायचे कारण म्हणजे माझा पुतण्या. मालक करमरकरसाहेबांनंतर फर्म माझ्याकडे आली आणि माझे गुडघे गेल्यावर पुतण्याकडे. गेल्या महिन्यात तो वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन आला. आमच्या फर्मने अमरावतीत बांधलेल्या एका पाच मजली काचेच्या पेटीला 'हरित इमारत' म्हणून पारितोषिक मिळाले आहे. दारात पितळी पाटी बसली आहे. गच्चीवर सौर ऊर्जेची तावदाने मांडली आहेत आणि त्यांतून निघणारी वीज काचेमागे भाजणाऱ्या माणसांना गार करण्यात खर्च होते. तीही पुरत नाही, म्हणून मागच्या बाजूला जनरेटर धूर ओकत असतो. त्याचा फोटो अर्थातच कात्रणात नाही.

"काका, स्मरणिका काढतोय आपण," पुतण्या म्हणाला. "दोन पानं लिहून द्या. 'आपल्या फर्मची हरित परंपरा' असा विषय ठेवलाय. तुमची पिढी निसर्गाला धरून कशी बांधायची, वगैरे."

मला शिसारी आली. परंपरा म्हणे! आमच्या फर्ममध्ये असली परंपरा होती ती एका माणसाच्या अंगात, आणि त्या माणसाला आम्ही हाकलून दिले होते. लिहून मागितलेच आहे तर आता सगळेच लिहितो. दोन पानांत मावणार नाही.

मी अमरावतीचाच. शिकायला पाच वर्षे मुंबईला होतो आणि एकोणीसशे पंचावन्नच्या सुमारास पदविका घेऊन परत आलो. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, बगलेत नकाशांची गुंडाळी आणि आपल्याला सगळे कळते असा चेहरा. साहेबांनी पहिल्याच आठवड्यात मला परतवाड्याच्या रस्त्यावर एका वकिलाचा प्लॉट पाहायला पाठवले. वैशाखातली टळटळीत दुपार होती. जाऊन बघतो तर उघड्या प्लॉटच्या मधोमध एक खाट टाकलेली, आणि तिच्यावर डोक्याला ओला पंचा गुंडाळून एक काळा, वाळका, पन्नाशीचा माणूस मांडी घालून बसलेला. जमिनीत जागोजागी खुंट्या ठोकलेल्या. बाजूला मडके.

"तुम्ही इथे काय करताय?" मी विचारले.

"मुक्काम करून राहिलो."

"या उन्हात?"

"मंग काय चांदण्यात करू? मानसाले जिथं जनमभर राहा लागते, तिथं आपन एक दिवस राहू नये काय?" एवढे बोलून ते सरकले आणि खाटेवर मला जागा करून दिली. "बसा सायेब. कागदावर ऊन पडत नाई. इथं पडते."

सकाळपासून संध्याकाळपर्यंत प्लॉटवर बसायचे. वारा कुठून येतो, कधी थांबतो, झळ कुठून लागते, शेजारच्या लिंबाची सावली कुठवर पोचते, तिथे तिथे खुंटी ठोकायची. मग त्या खुंट्या पाहून दारे-खिडक्या ठरवायच्या. वैशाखातली एक दुपार काढल्याशिवाय नकाशाला पेन्सिल लावू नये, हा त्यांचा नियम. साहेबांच्या लेखी तो वेडेपणा होता, पण मिस्त्री सुट्टीच्या दिवशी करत म्हणून चालवून घेतलेला. मी त्या खाटेवर पाच मिनिटे बसलो आणि घाम पुसत झाडाखाली गेलो.

जाता जाता नाव विचारले. म्हणाले, "उकंडा."

वऱ्हाडात हे नाव का ठेवतात हे आमच्याकडे पोरासोरांना माहीत असते. ज्या बाईची लेकरे जगत नाहीत, ती नवे लेकरू उकिरड्यावर ठेवून उचलते, म्हणजे देवाला वाटावे हा कचराच आहे आणि त्याने हात लावू नये. मिस्त्रींचे वडील अकोल्याला एका जिनिंगमध्ये मजूर होते. राहायला टिनाची खोली.

"मायाआंधी तीन झाले," ते म्हणाले. "तिन्ही वैशाखातच गेले, टिनाखाली. माया वक्ताले माय तिच्या मायरी गेल्ती, रिद्धपूरच्या अलीकडे. पांढऱ्या मातीचं घर, वर मातीचंच धाबं. मी जगलो. माय मरेपावतो म्हने, नाव कामी आलं. मी म्हनतो, नाव नाई वं माय, मातीची भीत कामी आली."

हे त्यांनी हसत सांगितले होते. त्या दिवशी मलाही ती एक गंमतच वाटली.

छप्पन साली नागपूरला जाऊन त्यांनी धर्म बदलला. वस्तीतली तरुण पोरे म्हणाली, आता हे उकिरड्याचे नाव टाका, चांगले नाव घ्या. मिस्त्री म्हणाले, "धरम बदलला, जनम थोडाच बदलला? तीन भावंडाईचं नाव हाय थे, मायं एकट्याचं नाई." आणि नाव तसेच ठेवले.

बदलले ते वेगळेच. आमच्या ऑफिसात पाण्याचे पिंप होते आणि त्यावर दोन पेले. मिस्त्रींचा पेला बाहेर, ओसरीच्या खिळ्याला टांगलेला. कोणीतरी वरून पाणी ओतायचे आणि त्यांनी प्यायचे. नागपूरहून परतल्यावर त्यांनी तो पेला खिळ्यावरून काढला, नेऊन भंगारात टाकला, आणि दुसऱ्या दिवशी एक मोठे मडके आणून ऑफिसच्या आत, दोन दारांच्या बरोबर मधल्या झुळकेत मांडले. "ज्याले पेवाचं त्यानं प्या," म्हणाले. साहेबांनी नाक मुरडले. पण मिस्त्रींसारखा ओळंबा धरणारा माणूस जिल्ह्यात दुसरा नव्हता, म्हणून ते गप्प बसले. त्या मडक्यातले पाणी पिंपापेक्षा कितीतरी गार असे. साहेब बाहेर गेले की मी ते पीत असे. साहेब असताना पीत नसे. हे लिहायला आजही जड जाते, पण पुढे जे सांगायचे आहे त्यापुढे हे काहीच नाही.

दोनेक वर्षांनी फर्मकडे अकोल्याच्या एका सूतिकागृहाचे काम आले. जठारपेठेच्या पलीकडे मोकळी जागा, कापसावर गबर झालेले एक शेठ देणगी देणारे, आणि बांधून घेणारे एक विश्वस्त मंडळ. साहेबांनी काम माझ्यावर सोपवले. माझे पहिले स्वतंत्र काम. मी जीव ओतून नकाशा काढला. लांबलचक वॉर्ड, वर पातळ काँक्रीटचा स्लॅब, आणि पश्चिमेची अख्खी भिंत काचेच्या खिडक्यांची. मुंबईला आम्हांला हेच शिकवले होते. घर पश्चिमेला उघडा, वारा तिकडून येतो. मी जन्मल्यापासून वऱ्हाडातले ऊन खाल्लेला माणूस, पण पाच वर्षांत ते असे विसरलो जणू कधी भाजलोच नव्हतो.

मिस्त्रींनी नकाशा बराच वेळ पाहिला.

"ह्या इकडच्या खिडक्या कायच्यासाठी?"

"वाऱ्यासाठी. पश्चिमेचा वारा."

"मुंबईच्या पच्छिमेले काय हाय?"

"समुद्र."

"अन् अकोल्याच्या?"

मी पट्टी उचलून नकाशाची कड सरळ करू लागलो.

"बाळापूर हाय," मिस्त्री म्हणाले. "बाळापुराकडून वैशाखात वारा येत नाई बाबू, झय येते. मेलेल्या मानसालेबी ताप चढन अशी झय. अन् तुमी तिथं वल्या बायंतिनी निजवून राहिले."

त्यांनी नकाशा फिरवून मांडला. वॉर्ड आडवा करा, लांब भिंतींची तोंडे उत्तरेला आणि दक्षिणेला होऊ द्या. मावळतीला एकही खिडकी ठेवू नका, जाड भिंतीची ओसरी काढा. स्लॅबवर हातभर पांढरी माती टाकून धाबे करा. मला त्यातले काही पटले असे आज म्हणणे सोपे आहे. त्या वेळी पटले नव्हते. मी म्हणालो, "मिस्त्री, काळ बदलला आता."

"काय बदललं? सूर्य दुसरीकडून बुडून राहिला काय?"

साहेबांकडे गोष्ट गेली तेव्हा ते मातीच्या नावानेच शहारले. "माती? सूतिकागृहाला? खेड्यातला गोठा बांधायचाय का आपल्याला?" त्यांना मातीची घाण वाटे आणि ती सुचवणाऱ्याचीही. दोन्ही घाणी एकाच आवाजात बोलत. मी तिथेच उभा होतो आणि मान हलवली.

इमारत मिस्त्रींनीच बांधली. चुकीचा नकाशा त्यांनी सुतासारखा सरळ बांधला. गिलाव्यावर हात फिरवावा तर खडा लागणार नाही. "आपला हात चालून राहिला तोवर थुंकू नये," एवढेच म्हणत.

माघात उद्घाटन झाले. माघात उद्घाटन झालेली कुठलीही इमारत वऱ्हाडात चांगलीच असते. काचेतून कोवळे ऊन आत आलेले, फरशी चकचकीत, पाहुणे खूश. त्या दिवसाचे खास आकर्षण म्हणून साहेबांनी एक सूर्यचूल मागवली होती. त्या वर्षांत त्या नव्याने निघाल्या होत्या. लग्नातल्या परातीएवढा पत्र्याचा आरसा, आणि त्याच्या मधोमध पातेले ठेवायची कडी. लाकूड नको, कोळसा नको, फुकटच्या उन्हावर तुरीचे वरण. अंगणात ती मांडून साहेबांनी भाषण केले. फर्म नुसती इमारत देत नाही, नवे युग देते आहे, असे काहीतरी. वरण काही शिजेना. सूर्य सरके आणि आरसा फिरवायचे कोणाच्या लक्षात राहीना. पाहुणे कंटाळून चहाकडे वळले.

मिस्त्री पुढे झाले, कडीतले पातेले काढले आणि सगळ्यांदेखत वॉर्डात नेऊन मावळतीच्या खिडकीत, काचेच्या आत ठेवले.

"सायेब, चूल बाहीर काहून मांडली?" त्यांनी मोठ्याने विचारले. "आत बांधली ना आपन, एवढी मोठी! आज वरन ठेवा. वैशाखात लेकरं ठेवाचेच हायेत."

दोन-तीन जण हसले आणि मग हसण्यात काही नाही हे लक्षात येऊन थांबले. मिस्त्री बाहेर आले, चपला घातल्या आणि पायरीच्या खाली थुंकले.

साहेबांनी त्यांना तिथेच सांगितले, "उद्यापासून येऊ नका." मिस्त्री दुसऱ्या दिवशी अमरावतीला आले ते फक्त मडके न्यायला. झुळकेतली ती जागा मग रिकामीच राहिली.

चैत्र संपता संपता सूतिकागृहाच्या डॉक्टरीणबाईंची पत्रे येऊ लागली. दुपारी वॉर्डात थांबवत नाही, काही उपाय सांगा. साहेब म्हणाले, "पडदे लावा म्हणावं." मी तसे लिहून टाकले. वैशाखात दुसरीच बातमी आली. मुंबईच्या एका प्रदर्शनासाठी आम्ही इमारतीचे फोटो पाठवले होते, ते पसंत पडले होते आणि चार जणांची समिती इमारत बघायला येणार होती. आणि नेमके त्याच वेळी कोणीतरी सांगितले की उकंडा मिस्त्री तिथे जाऊन खिडक्यांवर तट्टे बांधताहेत. साहेब चवताळले. त्यांनी विश्वस्तांच्या चिटणिसांना पत्र लिहिले. परवानगीशिवाय केलेल्या या ओंगळ बांधकामाने वास्तूच्या मूळ रूपास बाधा येते, तरी ते ताबडतोब काढावे. पत्र घेऊन अकोल्याला मला पाठवले.

मी पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील. मिस्त्री शिडीवर होते. तुराट्या बांबूच्या चौकटीत विणून मोठाले तट्टे केले होते आणि ते खिडक्यांबाहेर हात-दीड हात अंतर सोडून टांगले होते. कोणी सांगितले नव्हते, कोणी बोलावले नव्हते. तुराट्या बाळंतिणींच्या घरच्यांनी आपापल्या वावरातून आणल्या होत्या. निम्म्याहून जास्त खिडक्या झाकून झाल्या होत्या आणि मिस्त्री तट्ट्यांवर बादलीने पाणी मारत होते.

माझ्या हातातला लिफाफा पाहून म्हणाले, "वाच."

मी वाचून दाखवले. ते खाली उतरले. रागावले की ते 'तुमी' सोडून 'तू'वर येत.

"चाल माया संगं."

जिकडे तट्टे लागायचे राहिले होते त्या टोकाला एक खाट रिकामी होती. "झोप," ते म्हणाले.

"मिस्त्री, मला चिटणिसांकडे..."

"पोरगं होयाचं नाई तुले, पन झोप."

मी झोपलो. खाटेची लोखंडी पट्टी पाठीला चटका देत होती. वरून स्लॅब, बाजूने काच. श्वास घेतला की आत गरम पाणी गेल्यासारखे होई. शेजारच्या खाटेवर एक तरणी बाई सुपाने लेकराला वारा घालत होती. वारा कसला, तीच झळ ती लेकराच्या अंगावर ढकलत होती. तिने माझ्याकडे पाहिले. मी डॉक्टर असेन असे तिला वाटले असावे.

"दादा," ती म्हणाली, "हे पोट्टं सकायपासून रडूनच नाई राहिलं."

मी उठलो. घड्याळात पाहिले, सतरा मिनिटे झाली होती.

"तुले उठता येते," मिस्त्री म्हणाले. "तिले येत नाई. हे टोक राहिलं हाय. उद्या दुपारपावतो झाकतो. तेवढं पत्र खिशात राहू दे."

एवढेच मागितले होते त्यांनी, पत्र खिशात राहू दे. मी बाहेर आलो, आडावर तांब्याभर पाणी प्यालो, आणि तसाच चिटणिसांच्या घरी जाऊन पत्र दिले. का दिले? साहेबांची भीती होती, हे खरे. पण तेवढेच नव्हते. प्रदर्शनात लागणाऱ्या त्या फोटोखाली माझे नाव येणार होते, आणि फोटोत मला तुराट्या नको होत्या. पन्नासहून जास्त वर्षे झाली, ही गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. स्वतःची इतकी किळस मला त्याआधी कधी आली नव्हती आणि नंतरही आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तट्टे उतरवले. समिती आली ती संध्याकाळी, सूर्य बुडाल्यावर. वॉर्डात किती छान उजेड येत असेल, असे त्यातले एक गृहस्थ म्हणाले. त्यांनी अंगणात सरबत घेतले आणि रात्रीच्या गाडीने परतले.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या टोकाच्या खाटेवरचे पोर गेले. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "उन्हानंच गेलं असं मी कागदावर लिहू शकत नाही." कागदावर काय लिहिता येत नाही हे मला तोवर चांगले कळू लागले होते.

त्या आठवड्यात मिस्त्री अमरावतीच्या ऑफिसात आले. चपला बाहेर काढल्या आणि माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. ते थुंकतील असे मला वाटले. खरे सांगायचे तर त्यांनी थुंकावे असेच वाटले, म्हणजे निदान तेवढ्यावर भागले असते.

ते हळू आवाजात म्हणाले, "पोरगं होतं. त्या बाईले आता पुढच्याचं नाव उकंडा ठेवा लागन."

आणि गेले. त्यानंतर चार वर्षे त्यांनी माझे तोंड पाहिले नाही.

साहेब निवृत्त होऊन पुण्याला गेले आणि फर्म माझ्याकडे आली, तेव्हा पहिले काम मी त्या सूतिकागृहाचे काढले. विश्वस्तांना म्हटले, माझी चूक आहे, मला दुरुस्त करू द्या. मग नवा नकाशा घेऊन मिस्त्रींच्या अकोल्यातल्या वस्तीत गेलो; फर्म सुटल्यापासून ते तिथेच राहत. ते खोकत होते, फार वाळले होते. नकाशा उलगडू लागलो तर हात आडवा केला.

"कागद नको दाखवू मले. खाट घेऊन जा."

तेव्हा मी पहिल्यांदा वैशाखातला पुरा दिवस खाटेवर काढला, सूतिकागृहाच्या मावळतीच्या अंगणात, डोक्याला ओला पंचा गुंडाळून. येणारे-जाणारे हसत होते. दोन वाजता मळमळून आले, तरी बसून राहिलो. संध्याकाळी सहा खुंट्या ठोकलेल्या होत्या. त्या खुंट्यांवरून ओसरी उभी केली, पांढऱ्या मातीची दीड हात जाड भिंत, चुन्याचा गिलावा. काचेच्या खिडक्या विटांनी बुजवल्या. स्लॅबवर माती टाकली. ओसरीच्या कमानींना तट्टे टांगले. इमारत आता कुठल्याही प्रदर्शनात लागण्याजोगी राहिली नव्हती.

पुढच्या वैशाखात मिस्त्रींचा मुलगा त्यांना रिक्षात घालून घेऊन आला. भर दुपारीच आणायचे, असे त्यांनी बजावले होते. मुलाच्या खांद्याला धरून उतरले. चपला काढल्या. भिंतीपाशी गेले, हाताची मागची बाजू टेकवली आणि डोळे मिटले. आत एक लेकरू टाहो फोडून रडत होते. मिस्त्री बराच वेळ तसेच उभे राहिले. त्या रडण्याकडे कान होते की भिंतीकडे, ते मला कळले नाही.

मग बाहेर आले. पायरी उतरले. पायरीच्या खाली थांबले. ओठ हलले. काही झाले नाही. ते रिक्षाकडे वळले आणि माझे डोळे भरून आले.

ते त्यांनी पाहिले असावे.

"खुश नको होऊ बाबू," ते म्हणाले. "तोंडाले ओल नाई राहिली." आणि रिक्षा हलल्यावर वळून ओरडले, "तट्ट्याईवर पानी मारत जा म्हन त्याईले!"

त्याच पावसाळ्यात, पोळ्याच्या आधी ते गेले. भिंत पसंत होती की नव्हती, हे मला कायमचे कळायचे राहिले.

काल पुतण्याने गाडी पाठवली आणि ती पाटीवाली इमारत दाखवायला नेले. दुपारचे तीन वाजले होते. मी काठी टेकत मागच्या बाजूला गेलो. पश्चिमेची अख्खी भिंत काचेची आहे. हाताची मागची बाजू टेकवली आणि पटकन मागे घेतली. जनरेटरच्या सावलीत रखवालदाराची बायको तान्ह्या लेकराला मांडीवर घेऊन बसली होती. तिच्यासाठी गार खोली नाही.

"कशी वाटली, काका?" पुतण्याने विचारले. फोटो काढणारा माणूस त्याने बरोबरच आणला होता.

मी परत दारापाशी आलो, पितळी पाटी वाचली, आणि सावकाश पायरी उतरून खाली उभा राहिलो. ऐंशी ओलांडली आहे, दात गेले आहेत, गुडघे गेले आहेत. पण तोंडाला अजून ओल आहे.